चौघांचं ताट

पितळेवर बोटाचा ठसा दिसला की माझ्या पाठीत अजून कळ येते. वाटतं, आता मागून आवाज येणार, "ए चिपळूण! हे काय, हळदीचे हात छापलेस काय?" ओरडणारे उस्मान चाचा आता या जहाजावर नाहीत, या देशातही नाहीत. तरी मी फडकं घेऊन धावतो.

जहाज म्हणतो, पण ते आता कुठं जात नाही. अबुधाबीच्या बंदरात धक्क्याला कायमचं बांधलेलं हॉटेल आहे ते. कधीकाळी साहेबलोकांना विलायतेहून मुंबईला आणायचं, न्यायचं. त्याचं नाव इथं लिहीत नाही, कारण माझा पगार अजून तिथूनच येतो आणि त्या पगारावर माझं घर चाललंय. मी आठवीत शाळा सोडली. इथं येण्याआधी मुसफ्फाच्या कारखान्यांच्या भागात बांधकामाच्या एका साइटवर उन्हात लोखंड बांधत होतो. मग ओळखीनं हाऊसकीपिंगमध्ये लागलो. एसीत काम, कपडे कंपनीचे, जेवण कंपनीचं. पहिले कित्येक महिने मला रोज वाटायचं, आज कुणीतरी येऊन सांगणार की चूक झाली, तू तो माणूस नव्हेस, जा परत साइटवर.

चाचांची नि माझी ओळख झाली ती अशाच एका भीतीतून. कामाचा पहिला दिवस. सुपरवायझरनं धूळ ओढायचं मशीन हातात दिलं आणि मोठ्या जिन्याकडं बोट दाखवलं. हा जिना म्हणजे जहाजाचा मुकुट. सागवानी पायऱ्या, दोन्ही बाजूंनी पितळेचा कठडा, मध्ये लाल गालिचा. पूर्वी फर्स्ट क्लासवालेच तिथून चढायचे. मी खाली उभा राहिलो, गालिच्याकडं पाहिलं, आणि जोडे काढून कडेला ठेवले. मोजेही काढले. अनवाणी सहा पायऱ्या चढलो असेन, तर वरून दोन गोऱ्या बायका उतरत होत्या त्या थबकल्या आणि खालून सुपरवायझर ओरडला, "व्हॉट इज धिस? शूज! शूज!"

कठड्याला टेकून एक म्हातारा पितळ घासत होता. बुटका, रुंद खांद्यांचा, मेंदी लावलेली दाढी, शर्टाचं गळ्यापर्यंतचं बटण लावलेलं. तो हातातलं फडकं न थांबवता आमच्याच बाजूच्या बोलीत म्हणाला, "जोडे घाल रे. हे देऊळ नाय, मशीद नाय. साहेब ह्याच्यावरनं जोडे घालून दारू पिऊन चढला, तू जोडे घालून शुद्धीत चढ."

मग विचारलं, "कोणतं गाव?"

"चिपळूणजवळ..."

"बास. चिपळूण."

त्या दिवसापासून मी चिपळूण. माझं नाव त्यांना माहीत होतं की नाही, देव जाणे. जहाजावर माणसाला गावावरूनच हाक मारायची, हा त्यांचा जुना रिवाज. स्वतः दाभोळ खाडीच्या काठचे. सतराव्या वर्षी खलाशी म्हणून चढले, माणसं नेणारी जहाजं बंद झाली तशी मालाच्या जहाजांवर गेले, आणि अंग थकल्यावर नऊ वर्षं इथं पितळ नि लाकूड राखायला. आमचे मॅनेजर खन्ना साहेब, त्यांना ते पाठीमागं 'दिल्ली' म्हणत. आणि टूरवाली सायली, तिला 'बिनगावची'.

सायलीचं आधी सांगतो. रोज सकाळी दहापासून पाहुण्यांना तिकीट लावून जहाज दाखवतात, त्यातली ती गाईड. मोहम्मद बिन झायद सिटीत आईवडिलांबरोबर राहायची, वडील मोठ्या कंपनीत इंजिनियर. चाचांनी तिला पहिल्यांदा गाव विचारलं तेव्हा ती म्हणाली, "अंकल, अ‍ॅक्चुअली माझा जन्म अबुधाबीचाच. बाबा पुण्याचे, पण आम्ही तिथं जात नाही फारसे."

"म्हणजे गाव नाय?"

"नाही... म्हणजे, आय डोन्ट नो."

"बरं. बिनगावची."

ती हसली, पण तिला ते लागलं असावं. कारण नंतर एकदा मला तिनं बाजूला घेऊन विचारलं होतं, "ते मला चिडवतात का?" मी म्हटलं, "मॅडम, ते सगळ्यांनाच चिडवतात." खरं तर तिच्याशी बोलताना मी दोन पावलं लांबच उभा राहायचो. ती मराठी, मी मराठी, पण ती पाहुण्यांच्या लिफ्टनं वर जायची आणि मी जहाजाच्या पोटातल्या लांब बोळातून.

तो बोळ चाचांना घरासारखा होता. चालताना ते अजूनही डोलत, जसं काही खाली पाणी हलतंय. चहा कधी भरून घेत नसत, अर्धा कपच. मी म्हटलं, "चाचा, जहाज काँक्रीटला टेकलंय. सांडणार नाही."

"तुला काय ठाऊक? त्याच्या मनात आलं तर?"

पितळ घासायची त्यांची पद्धत वेगळी होती. आधी कठड्याची खालची बाजू, मग वरची. खालची बाजू कुणाला दिसत नाही, हात फिरवला तरच कळते. मी एकदा ती सोडली, तर सगळा जिना मला परत करायला लावला. "वरची बाजू पगाराची. खालची आपली."

आता त्यांच्या तिकिटाबद्दल. आम्हा कामगारांना मोठ्या जिन्यावर कामाशिवाय उभं राहायचं नाही, धक्क्यावरून जहाजात चढायच्या पाहुण्यांच्या फळीवरून यायचं नाही, मागच्या लोखंडी फळीवरून यायचं, असा नियम. चाचांनी त्या नियमाला तोड काढली होती. महिन्यातून एका मंगळवारी, सुट्टीच्या दिवशी, ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, अत्तर लावून बंदरात यायचे, खिडकीवर पंचाहत्तर दिरहमचं तिकीट काढायचे आणि पाहुण्यांच्या फळीवरून आत शिरायचे.

"पंचाहत्तर म्हणजे सतराशे रुपये, चाचा! जे रोज फुकट बघता ते बघायला?"

"रोज नोकर बघतो. मंगळवारी पॅसेंजर बघतो."

दारावरच्या वॉचमननं पहिल्यांदा अडवलं होतं, "स्टाफ गेट उधर है." चाचांनी तिकीट त्याच्या नाकासमोर धरलं. "ह्याच्यावर लिहिलंय का, उस्मानला चालत नाय?" नव्हतं लिहिलेलं. खन्ना साहेबांनीही नियमाची वही चाळली. कामगारानं तिकीट काढू नये असं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं, मग नियम कोण करणार?

अशाच एका मंगळवारी मी जेवणघरात मशीन फिरवत होतो, म्हणून सगळं ऐकलं. सायली पाहुण्यांना इंग्रजीत सांगत होती: हे फर्स्ट क्लासचं जेवणघर. एकेका माणसापुढं अकरा चमचे, काटे, सुऱ्या. सेकंड क्लासला वाचनालय होतं पण वरच्या डेकवर यायची मुभा नाही. मध्ये ही जाळीची दारं, त्यांना कुलूप असायचं. थर्ड क्लासला एका खोलीत आठ जण, एकावर एक. मग तिनं, मी मशीन ओढत मागोमाग होतोच, वरच्या डेकवरची खोली दाखवली, फर्स्ट क्लासवाल्यांच्या कुत्र्यांची. दारावर चकचकीत पाटी, आत कुत्र्यांच्या नावांचा तक्ता. पाहुणे हसले, फोटो काढले.

तेवढ्यात मागून चाचांनी हात वर केला. शाळेतल्यासारखा.

"मॅडम. कुत्र्यांची खोली बघितली. माणसांची कुठाय?"

"सॉरी?"

"जहाज चालवणाऱ्यांची. चाळीस जण नाळेत झोपायचे, पुढच्या टोकाला. कोकणातले. खोली आहे, मी रोज तिच्यावरनं जातो. तुम्ही तिच्यात प्लॅस्टिकच्या खुर्च्या ठेवल्यात."

सायली लाल झाली. तिच्या कागदात ते नव्हतं. एका पाहुण्यानं चाचांना हिंदीत विचारलं, तुम्हाला कसं माहीत? चाचा छाती काढून म्हणाले, "मेरा बाप इसी जहाज पे था."



त्यानंतर ताट आलं. सुट्टीवरून परतताना चाचांनी ते गावाहून आणलं. तामचिनीचं, परातीएवढं, पांढरं, निळ्या काठाचं, दोन ठिकाणी टवका उडून काळं पडलेलं. त्यांच्याकडं चौघांनी मिळून एका ताटात जेवायची रीत, घरीही आणि जहाजावरही. चाळीस माणसं म्हणजे दहा ताटं. एका सकाळी टूर सुरू व्हायच्या आधी त्यांनी ते ताट फर्स्ट क्लासच्या टेबलावर, नाजूक चिनी बशा नि अकरा चमच्यांच्या मधोमध ठेवलं. टेबलाभोवतीचा मखमली दोर मी वर धरला होता, त्यांना पलीकडं जाता यावं म्हणून. धरला, कारण "धर" म्हणाले.

सायलीनं ते बघितलं आणि उचलून मागं ठेवलं. दुसऱ्या दिवशी ताट परत टेबलावर. तिनं परत उचललं. असं दोन आठवडे चाललं. बोलायचे दोघंही नाहीत. मग एका दिवशी पाहुण्यांतल्या एका बाईनं ताटाकडं बोट दाखवून विचारलं, हे कुणाचं? सायली म्हणाली, "क्रू." त्या दिवशी तिनं ताट उचललं नाही.

खन्ना साहेबांनी उचललं. कॅमेऱ्यात दोर धरलेला मी दिसलो, म्हणून मलाही बोलावलं. साहेब वाईट माणूस नव्हते. चाचांना खुर्ची दिली, चहा मागवला. चाचांनी भरलेला कप अर्धा बशीत ओतला.

"चाचा, आपके पिताजी इस शिप पे थे, ये तो बढिया बात है," साहेब म्हणाले. "कोई कागज़ ला दो. पुराना पास, फोटो, कुछ भी. मैं खुद शोकेस बनवाऊंगा, कार्ड लगवाऊंगा, वो कमरा भी खुलवाऊंगा. ऊपर बोलूंगा, हेरिटेज स्टाफ है, इनका वीज़ा रिन्यू करो. नहीं तो आपकी उमर में... आप समझते हो." पंधरा दिवस दिले.

बाहेर आल्यावर मी आनंदानं जवळजवळ उडीच मारली. "चाचा, सुटलो! घरी फोन करा, बाबांचा कागद मागवा. व्हॉट्सअ‍ॅपवर येईल आजच्या आज."

चाचांनी दुपारी त्या खुर्च्यांच्या खोलीत मला नेलं. दोन खुर्च्या ओढल्या. मग खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं एक जुनं पुस्तक काढलं. खलाशाच्या नोकरीच्या नोंदींचं पुस्तक, त्याला ते नली म्हणत. त्यांच्या बापाची.

"वाच. इंग्लिश अक्षरं येतात ना?"

अक्षरं येत होती. जहाजाचं नाव मी दोनदा वाचलं. ते आमचं जहाज नव्हतं.

"बा दुसऱ्या जहाजावर व्हता," चाचा म्हणाले. "ते कधीच भंगारात गेलं. ह्याच्यावर माझं कोनच नव्हतं."

"मग तुम्ही सगळ्यांना..."

"माझा बा म्हटलं की माणूस ऐकतो. कुणाचा तरी बा म्हटलं की फोटो काढायला पुढं जातो."

मी घाबरलो. पण माझं डोकं घाबरलं की झटपट चालतं. मी म्हटलं, मुसफ्फात टायपिंगवाला आहे ओळखीचा, जुन्या कागदासारखा कागद बनवून देईल, कोण तपासतंय? तुमचा व्हिसा, चाचा. आणि खोली उघडेल.

ते माझ्याकडं बघत राहिले. रागानं नाही.

"चिपळूण, कागद केला की ते ताट माझ्या बाचं झालं. एका माणसाचं. ह्या खोलीत चाळीस झोपले. हितं बघ, हे खुंटे, ह्याला कपडे टांगायचे. ते काय भुतं व्हती? त्यांच्यासाठी कोन कागद करणार? दिल्लीला मी सांगतो, कागद नाय. पण खोली हाय का नाय? खुंटे हायत का नाय?"

"साहेब ऐकणार नाहीत."

"नाय ऐकू दे. मी बोललो नाय असं नको व्हायला."

आणि गेले, त्याच दिवशी. केबिनच्या बाहेर मी उभा होतो. आतून चाचांचा आवाज येत होता, मोडक्या हिंदीत, पण एकदाही खाली न आलेला: "साब, मैं झूठ बोला. मेरा बाप नहीं था. लेकिन चालीस आदमी था. उनका बाप-बेटा कोई इधर नहीं आया, इसलिए मैं आया." खन्ना साहेब म्हणाले, "चाचा, आपने मेरे हाथ काट दिए."

आठवड्यानं पत्र आलं. वयोमर्यादेमुळं नोकरी संपली, नऊ वर्षांच्या सेवेबद्दल आभार, विमानाचं तिकीट कंपनीचं. ताट एका खोक्यात घालून परत दिलं.

शेवटचा दिवस मंगळवार होता, की चाचांनी तो मंगळवार करून घेतला, मला माहीत नाही. विमान संध्याकाळचं. सकाळी अकराला ते पांढऱ्या शर्टात, अत्तर लावून, पाहुण्यांच्या फळीवरून आत आले. एका हातात दोरीनं बांधलेली बॅग, दुसऱ्या हातात पिशवी. तिकीट काढलेलं.

टूरमध्ये आठ-दहा माणसं होती. दोन-तीन गोरे, एक केरळचं जोडपं, आणि एक वयस्कर अरब, अंगात पांढरी पायघोळ कंदुरा, हातात काठी, बरोबर सून किंवा मुलगी. जेवणघरात आल्यावर सायलीनं अकरा चमच्यांचं सुरू केलं. चाचा पुढं झाले. दोर ओलांडला नाही. दोराच्या अलीकडं, पाहुण्यांच्या गालिच्यावर त्यांनी पिशवीतलं कापड पसरलं, वर ताट ठेवलं, डबा उघडला. भात, सुरमईचं कालवण. कामगारांच्या कॅम्पवर पहाटे उठून स्वतः केलेलं. वास सगळ्या जेवणघरात पसरला. आणि मांडी घालून बसले.

"अंकल..." सायली.

"ए बिनगावची. तिकीट काढलंय. तू तुझं काम कर. सांग ह्यांना."

मी भिंतीशी मशीनची नळी धरून उभा होतो. सायलीनं हातातला कागद बघितला. मग तो घडी करून खिशात टाकला. आणि इंग्रजीत, सावकाश, म्हणाली की या जहाजावर चौथा वर्गही होता, त्याला तिकीट नव्हतं. कोकणातल्या गावांतून आलेली चाळीस माणसं. चौघं एका ताटात जेवायची. त्यांची खोली पुढं आहे आणि आम्ही तिच्यात खुर्च्या ठेवतो.

चाचांनी भातावर कालवण ओतलं. "तीन जगह खाली है," ते हिंदीत म्हणाले. "अकेला खाने का रिवाज नहीं."

त्या वयस्कर अरबानं काठी बरोबरच्या बाईकडं दिली. चपला काढल्या. गुडघा धरून हळूहळू खाली बसले आणि इकडचे जुने लोक बोलतात तसल्या हिंदीत म्हणाले, "हमारा दादा भी ऐसाच खाता था. मोती निकालने का बोट में. एक थाली, सब लोग." बाही वर केली, बिस्मिल्ला म्हणाले आणि घास घेतला. मग मान हलवून, "ज़रा मिर्ची ज़्यादा है, हबीबी."

"जहाज का खाना है," चाचा म्हणाले.

सायली बसली. युनिफॉर्मच्या स्कर्टमध्ये, एका कुशीवर, अवघडून.

चौथी जागा माझ्यासमोर होती. चाचांनी मला हाक मारली नाही. नुसतं त्या जागेवरचं कापड हातानं सारखं केलं. दारात खन्ना साहेब येऊन उभे राहिले होते. माझ्या डोळ्यांसमोर साइटवरचं लोखंड आलं, घरचं पत्र्याचं छप्पर आलं, सगळं आलं. मी मशीन बंद केलं. जोडे काढले, मोजे काढले. या वेळी चाचा काही बोलले नाहीत.

खन्ना साहेब पुढं आले तसे ते अरब बाबा तोंडात घास असतानाच हात हलवून म्हणाले, "तआल, तआल, आओ, बैठो!" साहेबांनी छातीवर हात ठेवून हसून मान लववली आणि निघून गेले. मला दुसऱ्या दिवशी वॉर्निंग लेटर मिळालं. सायलीलाही. नंतरचं आताच सांगून टाकतो: खोलीत अजून खुर्च्याच आहेत आणि कुत्र्यांच्या दारावरची पाटी अजून मीच पुसतो. पण सायली रोज त्या खुर्च्यांच्या दारापाशी टूर थांबवते आणि चौथ्या वर्गाचं सांगते. ताट चाचा तिच्याकडं देऊन गेले. देताना म्हणाले, "घे, अबुधाबी." ते ती रोज सकाळी मांडते, रोज संध्याकाळी कुणीतरी उचलून आत ठेवतं. हल्ली दोर मी न सांगता धरतो.

त्या दुपारी चाचा निघाले. लोखंडी फळीकडं वळले नाहीत. मोठ्या जिन्यानं वर गेले आणि पाहुण्यांच्या दारातून बाहेर पडले. वॉचमन सवयीनं म्हणाला, "चाचा, स्टाफ गेट..." चाचांनी वरच्या खिशातून तिकीट काढून दाखवलं आणि परत खिशात ठेवलं.

फळीच्या दोन्ही बाजूंना पितळेचे कठडे आहेत. नऊ वर्षं त्यावर एक बोट उमटू दिलं नाही त्या माणसानं. आता बॅग डाव्या हातात घेतली, उजवा तळवा कठड्यावर सपाट ठेवला आणि वरून खालपर्यंत, डोलत डोलत, एकदाही न उचलता तो घासत नेला. कालवणाचा हात होता, नुसता पाण्यानं धुतलेला. उन्हात तो तेलकट पट्टा वरपासून खालपर्यंत लखलखत दिसत होता. टॅक्सीत बसताना त्यांनी मागं वळून माझ्याकडं पाहिलं नाही. कठड्याकडं पाहिलं.

सुपरवायझर फडकं घेऊन माझ्यापाशी आला. मी म्हटलं, उद्या.